जुन्या कूलरचा चबुतरा

उदयसिंहराव : ...आणि लक्षात ठेव कांचन, मराठ्याने एकदा हत्यार उचललं की काम फत्ते झाल्याशिवाय ते खाली ठेवायचं नसतं.

कांचन : पक्कड उलटी धरलीत. आणि हळू बोला, जसुभाई गच्चीवर आहेत.

उदयसिंहराव : असू देत. सोसायटीचे सेक्रेटरी झाले म्हणून काय मी माझ्या परसात माझा कूलर उघडायचा नाही?

कांचन : पंखा काढलात, मोटार काढलीत, आत फळी ठोकलीत. आता हा कुठल्या बाजूने कूलर दिसतोय?

उदयसिंहराव : तीन बाजूंना आयती जाळी मिळाली की नाही? वाळ्याचं गवत अंडी घालायला. टाकीच्या जागी पाण्याचं भांडं. विकत आणलं काय, तर चार खिळे. कारखान्याला टाळं लागल्यापासून डोकं कसं चालायला लागलंय बघ.

कांचन : आणि कोंबड्या ओरडल्या की काय सांगायचं? कूलरला जुनी खोड आहे म्हणून?

उदयसिंहराव : वर परात बसवतोय ती कशाला? कबुतरांना दाणे टाकायचे. चबुतरा. तरसालीच्या या गुजराती वस्तीत चबुतऱ्याला नाही म्हणणारा माणूस दाखव. पक्ष्यांचं घर म्हटलं की आवाज पक्ष्यांचाच येणार. कुठल्या पक्ष्याचा, हे कोण विचारतंय?

कांचन : त्यापेक्षा लहरीपुऱ्याच्या बाजारातून रोज दोन अंडी आणणं सोपं नव्हतं?

उदयसिंहराव : आणली होती ना. टरफलं कागदात गुंडाळून टाकली, तर कुत्र्याने पुडी नेमकी जसुभाईंच्या फाटकात सोडली. मीटिंग भरली. मी उभा राहून म्हणालो, ज्याने हे केलं त्याला सोसायटीत ठेवू नका. टाळ्या पडल्या.

कांचन : मीही वाजवल्या. पण त्यांना सरळ सांगून का टाकत नाही? पोरीच्या फुप्फुसाला डाग आहे, गोळ्या चालू आहेत, अंगी काही लागत नाही, डॉक्टर म्हणतात अंडी द्या. तीही माणसंच आहेत. औषध म्हणून चालवून घेतील.

उदयसिंहराव : अंडं चालवून घेतील एक वेळ. क्षय चालवून घेतील? उद्या संयोगितासाठी स्थळ आलं, तर पहिली चौकशी शेजारी होते.

कांचन : म्हणजे आजार कळू नये म्हणून अंडं लपवायचं, अंडं कळू नये म्हणून कोंबडी लपवायची आणि कोंबडी दिसू नये म्हणून कबुतरं पाळायची.

उदयसिंहराव : याला गनिमी कावा म्हणतात.

कांचन : घर घेताना जसुभाईंनी विचारलं होतं, तमे लोको खाता-बाता नथी ने? म्हणजे मटण-अंडी. तिथेच खरं बोलला असतात तर एवढे कावे लागले नसते.

उदयसिंहराव : खरं बोललो असतो तर घरच मिळालं नसतं. आणि निभावलं की नाही? पोरीला त्यांच्याच घरी खेळायला सोडून दर रविवारी तुझ्या भावाकडे पाणीगेटला मटण खाऊन आलो. इतक्या वर्षांत शेजाऱ्यांचं सोड, पोरीला तरी पत्ता लागला? ती खिळ्यांची पुडी दे.

(आठ दिवसांनी, त्याच परसात. वर परातीत कबुतरं, खाली कूलरमध्ये पाणीगेटच्या मेव्हण्याने दिलेल्या तीन कोंबड्या. कारखाना बंद पडल्यापासून पहिल्यांदाच उदयसिंहरावांना आपण कुठेतरी जिंकलो असं वाटत होतं.)

उदयसिंहराव : जसुभाई येऊन गेले. जुवारीची अख्खी गोण ठेवून गेले. पुण्यनुं काम कर्युं, म्हणाले. कूलरला हात जोडले.

कांचन : आत नाही ना बघितलं?

उदयसिंहराव : बघितलं. वाकून. म्हणाले, आ कबूतर जरा जाडां छे. मी म्हटलं, परदेशी जात आहे, हल्ली सगळंच परदेशी मिळतं. ते पटलं त्यांना. टीव्हीसुद्धा परदेशी घेतलाय त्यांनी. आज किती अंडी मिळाली?

कांचन : दोन.

उदयसिंहराव : धर्मादाय जुवार मानवली म्हणायची. तिला दिलंस?

कांचन : काल न सांगता दुधात फेटून दिलं. घोट गेला आणि सगळं बाहेर आलं. जेवणही गेलं त्याबरोबर. आज सकाळी डॉक्टरांकडे काट्यावर उभी केली, वजन आणखी उतरलंय. आता अंड्याची घाई करा म्हणाले, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल.

उदयसिंहराव : लपवून दिलंस म्हणून तसं झालं. सांगून द्यायचं. मराठ्याची पोर आहे, रक्तात असतं ते. हाक मार तिला. मी बोलतो.

कांचन : संयोगिता, जरा परसात ये गं.

संयोगिता : काय आबा?

उदयसिंहराव : बस. दम लागला?

संयोगिता : पायऱ्यांचा. थांबेल आत्ता.

उदयसिंहराव : हे अंडं आहे. आईने उकडलंय. औषध समजून खायचं.

संयोगिता : औषधं घेते की मी. एकही गोळी चुकवली नाही.

उदयसिंहराव : नुसत्या गोळ्यांनी भागत नाही बाळ. हे बघ, मीठ लावून दिलंय. आणि यात काही वावगं नाही. आम्ही खातो. मी, तुझी आई, मामा, सगळे. पहिल्यापासून.

संयोगिता : आबा, मी खावं म्हणून एवढं खोटं नका बोलू.

उदयसिंहराव : अगं खरंच. आईला विचार.

कांचन : खरं आहे गं. खा एवढं. माझ्यासाठी खा.

संयोगिता : आई, तुला माहितीय. आपल्यात अंडं खात नाहीत.