पाय धुवायचं पाणी

आमच्या गल्लीत काय कमी हाय म्हणता, तर ऐका. सिमेंटचा रस्ता हाय, दिवे हायत, बाग हाय, बागेत व्यायामाची यंत्रंबी हायत. त्या बागेच्या जागी आधी आड होता. माझे चुलते, तात्या, तो आड खांदणाऱ्यातले. पुढं नळ आला म्हणून आड बुजवला. आता नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत न्हाई.

औंदा ऐन उन्हाळ्यात तात्या गेले. त्यांना अग्नी देऊन आमी घरी आलो, तर काकू दारातच उभी.

"पाय धुतल्याबिगर कुणी उंबरा वलांडायचा न्हाई."

रीतच हाय ती. पण टाकी कोरडी, रांजण कोरडा. सगळी माणसं उन्हात ताटकळली. मग शेजारचा अन्वर गाडीला दोन घागरी बांधून गेला आन भरून घेऊन आला. आमी पाय धुतले, लिंबाचा पाला चावला आन आत जाऊन बसलो.

काकूनं त्याला विचारलं, "कुठून आणलंस रे बाबा?"

अन्वर खाली बघत म्हणाला, "मसणवाट्यातून, काकू. तिथल्या नळाला रोज येतंय."

मसणवाट्याचा विटाळ धुवायला मसणवाट्याचंच पाणी. मला वाटलं, आता ही सगळ्यांना परत बाहेर काढती. काकूनं उठून दोन्ही घागरी हलवून बघितल्या. मग मला म्हणाली,

"उद्या राख सावडायला जाशील तवा मोकळ्या हातानं जाऊ नको. घरातल्या सगळ्या घागरी घेऊन जा."