उलट्या पिळाचं टोपडं

"आमच्या सासूबाईंच्या अंगातला पीळ काही जात नाही बाई!"

मंडळी, हे मी म्हणत नाही. आत्ता कीर्तनाला येताना देवळाबाहेरच्या नळावर पाय धूत होते, तर माझ्या अगदी कानाशी दोघी कुजबुजत होत्या. मी मागे वळून पाहिलं नाही. कोण होत्या ते मला कळायला नको, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या सासूबाईंना तर मुळीच नको!

पण तो शब्द माझ्या मनात अडकला. पीळ. वाईट असतो का हो पीळ? कापूस घ्या. पांढरा, मऊ, फुंकर मारली की उडाला. त्याला पीळ दिला की झालं सूत. पीळ काढून घ्या, पुन्हा कापूस! मग माणसाच्या अंगात पीळ असावा की नसावा? आणि समोरच्याचा पीळ आपल्या उलट निघाला, तर करायचं काय? आमचे मृदंगवाले मान हलवतायत. त्यांच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली, त्यांना विचारू नका. आख्यान ऐका.

तापीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथल्या लेकी तुमच्या गावात दिल्या आहेत. त्या गावात कौतिकाबाई. कापूस घरच्या रानातला आणि टकळी हातातली. दुपारची कामं आटोपली की वाटीत टकळी उभी करायची, बोटांनी गर्रकन फिरवायची, आणि पेळूतून सूत ओढायचं. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी. होय पोरींनो, आता सांगावं लागतं!

मुलाचं लग्न झालं, सून आली हेमलता. तिच्या हातात क्रोशाची सुई. मग काय विचारता! सासूनं कातायचं, सुनेनं विणायचं. दाराला तोरण, देवाला आसन, टीव्हीला झालर. हेमलताचा नवरा प्रल्हाद म्हणायचा, मी फार वेळ एका जागी बसत नाही, मलाही झालर लावतील.

दोघींचं पटायचं का? छे! आमटीत गूळ किती, इथून सुरुवात. पण सुताच्या लडीवरून कधी शब्द झाला नाही. सासूचं सूत सुनेच्या सुईत असं बसायचं, की बघणाऱ्यानं म्हणावं, एकाच बाईचं काम आहे.

आणि एक दिवस, मंडळी, कौतिकाबाईला लकवा झाला. पाय सावरला, वाचा राहिली. उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. तालुक्याच्या डॉक्टरांनी प्रल्हादला बाजूला घेऊन सांगितलं, हा हात परत यायचा नाही. प्रल्हाद घरी आला आणि सगळ्यांना बजावलं, मायजवळ यातलं अक्षर काढायचं नाही. झालं! त्या दिवसापासून त्या घरात एकच वाक्य. सून म्हणते, होईल बरा. शेजारीण म्हणते, होईल बरा. दूध घालायला आलेला माणूससुद्धा उंबऱ्यातून म्हणतो, होईल बरा!

आणि कौतिकाबाई काय म्हणायची? "उजवा झोपलाय जरा. तोवर डाव्यानं करते."

नुसतं म्हणाली नाही हो, केलं! बासष्ट वर्षांची बाई पहिल्यापासून कातायला शिकली. मिटलेल्या मुठीत पेळू खोचायचा, डाव्या हातानं टकळी फिरवायची, खांद्याच्या जोरावर उजवा हात वर उचलून सूत ओढायचं. पहिला महिना नुसते तुकडे. दुसऱ्या महिन्यात जे निघालं त्यानं वासरू बांधता आलं असतं. शिकवायला कुणी नाही, सांगायला कुणी नाही. पाचव्या महिन्यात सूत निघालं. एकसारखं, स्वच्छ. आता म्हणा, पीळ वाईट!

त्याच सुमाराला तिची लेक मंदाकिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कौतिकाबाईनं जाहीर केलं, नातवंडाच्या डोक्यावर पहिलं टोपडं माझ्या सुताचं चढेल. लडी सुनेच्या ओंजळीत दिली. बाई त्या एका टोपड्यासाठी सकाळी उठत होती म्हणा ना.

हेमलता विणायला बसली. दोन बोटं काम झालं, आणि दोरा भुसभुशीत व्हायला लागला. जरा ओढला की तुटला. उसवलं. पुन्हा घातलं. पुन्हा कापूस! एकदा नाही, चारदा. हेमलताला वाटलं, हातच गेलाय, सूत कच्चंच निघणार. पण हे सांगायचं कुणी? सूत कच्चं म्हटलं की हातावर आलं, आणि हाताचं तर बोलायचं नाही! प्रल्हाद म्हणाला, बाजारातनं रीळ आण, पांढरं ते पांढरं. आणलं. विणलं. आणि सासूच्या मांडीवर ठेवून हेमलता म्हणाली, झालं बघा तुमच्या सुताचं.

कौतिकाबाईनं डाव्या अंगठ्यानं टोपडं चाचपलं. अहो, चाळीस वर्षं सूत जोखणाऱ्या बाईला थाप मारता? पण चांगलं झालंय, म्हणाली. टकळी फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवली. टकळीची वाटी स्वयंपाकघरात पाठवली, आमटीला घ्या म्हणाली. आणि जी बाई इतके महिने सांडत, लवंडत का होईना, डाव्या हातानं स्वतः जेवत होती, ती त्या रात्री ताटासमोर बसली आणि म्हणाली, "भरवा कुणीतरी."

हेमलतानं घास पुढे केला. टोपडं राहू द्या हो, माणूस उसवायला लागलं होतं!

मंदाकिनीला मुलगी झाली. बारशाला सात दिवस उरले. हेमलतानं ट्रंकेतून सासूची जुनी लडी काढली, दुखण्याच्या आधीची. एका हातात जुना दोरा, एका हातात नवा. दोन्ही उलगडून बघितले. ताकद सारखी. पण जुना दोरा या बाजूनं उलगडतो, आणि नवा त्या बाजूनं!

लक्षात आलं का, मंडळी? बरणीचं झाकण असतं ना, एकीकडे फिरवलं की घट्ट, दुसरीकडे फिरवलं की सैल. डाव्या हातानं टकळी उलटी फिरत होती, म्हणून पीळ उलटा पडत होता. आणि उजव्या हाताची सुई प्रत्येक टाक्याला तो पीळ थोडा थोडा काढून टाकत होती. सूत कच्चं नव्हतंच! सून ते उसवत होती, रोज, अगदी मन लावून!

मग तिनं काय केलं? सुई डाव्या हातात घेतली. वीस वर्षांची सवय! उजवा हात सारखा सुई हिसकावायला धावायचा. टाके असे पडायचे, जसे उंदरानं कुरतडलेत. मंदाकिनी बाळंतिणीच्या खोलीतून हसायची, "वहिनी, बालवाडीत नाव घालू का तुझं?" पण सातव्या दिवशी टोपडं उभं राहिलं. ओढलं, ताणलं. दोरा हलला नाही.

बारसं. पाळणा बांधलाय, बायका जमल्यात, घुगऱ्यांचा वास सुटलाय. बाळाच्या डोक्यावर टोपडं. कौतिकाबाईला आधार देऊन पाळण्याशी आणलं. तिनं अंगठा टेकवला, आणि अंगठा तिथंच थांबला.

"हे माझं सूत आहे," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "मागचं टोपडं रिळाचं होतं. माझं सूत टिकत नव्हतं. मग हे कसं टिकलं?"

प्रल्हादला एकाएकी घुगऱ्या वाटायची घाई झाली. शेजारीण म्हणाली, अहो हात बरा होतोय तुमचा, दुसरं काय! आणि सगळ्या बायका सुटल्यासारख्या म्हणायला लागल्या, हो हो, बरा होतोय, होतोय!

मंडळी, खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? तुम्हीही "हो हो" म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. आपण एक तर समोरच्याचा पीळ काढायला बसतो, नाहीतर गोड बोलून बाजारातलं रीळ त्याच्या मांडीवर ठेवतो. आपली सुई या हातातून त्या हातात घ्यायला मात्र आपला जीव जातो! आज घरी जाल, तेव्हा जेवायच्या पानावर एकेकाच्या तोंडाकडे बघा. कोणापुढे आपण रीळ ठेवलंय, त्याचा विचार करा.

हेमलतानं मान हलवली नाही. ती सासूपुढे खाली बसली. तो मिटलेला उजवा हात इतक्या महिन्यांत कुणी मालिशीशिवाय धरला नव्हता. तिनं तो दोन्ही हातांत घेतला.

"आत्याबाई, हा हात आता यायचा नाही. सूत तुमच्या डाव्याचं आहे, आणि ते पक्कं आहे. मीच उजव्यानं विणून ते उसवत होते. म्हणून आता डाव्यानं विणायला शिकले."