अण्णाचं अर्धं ताट

आंबेनळी घाटाच्या वळणावर समोरून ट्रक आला तरी माझा जीव एवढा खालीवर होत नाही, जेवढा मुंबईच्या त्या जपानी हॉटेलात झाला.

मुलीला नोकरी लागली, म्हणून तिनं मला आणि पोलादपूरहून आलेल्या माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, सुशी खायला नेलं. "स्वयंपाकी थेट जपानहून आलाय हं," तिनं आधीच बजावलं होतं. तो समोर उभा राहून भाताच्या मुटक्यावर मासा ठेवायचा आणि एकेक आमच्या पुढ्यात द्यायचा. मी लगेच तोंडात टाकला. अण्णा मात्र हाताची घडी घालून बसलेला.

"अण्णा, खा ना."

"आधी ताट वाढून तर होऊ दे."

अण्णा खाईना म्हणून स्वयंपाकी पुढचा देईना, आणि पुढचा येईना म्हणून अण्णा हात लावीना. आजूबाजूचे बघायला लागले. मी नुसता खुर्चीत चुळबुळतोय. तेवढ्यात फार वेळ पडून राहिला म्हणून स्वयंपाक्यानं तो मुटका उचलून तिथं नवा, ताजा ठेवला.

"बघ, वाढतो काय नि उचलतो काय!"

शेवटी मुलीनं त्याला इंग्रजीत सगळं समजावलं. बिचाऱ्यानं मान लववली आणि उरलेले सगळे प्रकार एकदम मांडले. ताट भरलं. म्हटलं, सुटलो.

तरी अण्णाचा हात हलेना.

"आता काय राहिलं, अण्णा?"

"अरे, एवढ्या लांबून आलाय तो. पाहुण्याला उभं ठेवून आपण जेवायचं व्हय? त्याचं ताट कुठं हाय?"