आंदणात दिलेला बटणांचा मोबाइल

जबाब
दिनांक ०३/०२/२०२५

मी पुंजाजी सखाराम उगले, वय ६२ वर्षे, व्यवसाय निवृत्त शिक्षक व भाजीपाल्याची शेती, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी कस्तुराबाई हिच्यासह राहतो. गेली तीस वर्षे मी व्याख्याने देतो. सन २०२२ मध्ये मी स्मार्टफोन वापरणे बंद केले व बटणांचा साधा मोबाइल घेतला. तेव्हापासून त्याच विषयावर गावोगावी बोलतो. स्मार्टफोनने माणसाचे डोळे, कान आणि सवड ताब्यात घेतली आहे, हे माझे मत आजही कायम आहे. त्याची कारणे सांगू लागलो असता, ‘सर, भाषण नको, तारखा सांगा,’ असे अंमलदारांनी सांगितले. म्हणून तारखा सांगतो.

माझी मुलगी तनुजा, वय २४ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., हिचे लग्न दिनांक २१/०४/२०२४ रोजी स्वप्निल गोपाल इरतकर, राहणार रिठद, तालुका रिसोड, यांच्याशी मेडशी येथे झाले. स्वप्निल यांचे वडील हयात नाहीत. घरात ते व त्यांची आई दुर्गाबाई असे दोघेच.

मी आंदणात भांडी, कपाट काही दिले नाही. अक्षता पडल्यावर मांडवात माईक घेऊन बोललो व ताटात दोन साधे मोबाइल ठेवून वर-वधूला दिले. दोघांचे स्मार्टफोन त्याच ताटात ठेवून घेतले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वप्निल यांचे मित्र बादल यांनी या सर्व प्रकाराची चित्रफीत काढली. स्वप्निल यांचा फोन बादल यांनी जेवणाच्या पंगतीतच त्यांना परत नेऊन दिला, असे मला नंतर समजले. तनुजाचा फोन माझ्या पिशवीत राहिला. तिच्या फोनवर स्पर्धा परीक्षेचे क्लास चालू होते, हे तिने मला लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितले होते. घरात दीड हजार पुस्तके आहेत, असे मी उत्तर दिले होते.

ती चित्रफीत पुष्कळ लोकांनी पाहिली. त्यानंतर मला अकरा गावांतून व्याख्यानाची बोलावणी आली. प्रत्येक ठिकाणी मी तनुजाचे उदाहरण दिले. फोन सोडायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, असेही मी प्रत्येक ठिकाणी सांगितले. माझ्या घरात ते मी ठरवले होते.

मी दर गुरुवारी सायंकाळी सात वाजता तनुजाला फोन करीत असे. ती ‘बरं हाय बाबा’ एवढेच म्हणे. बटणांच्या मोबाइलचा आवाज मोठा असतो, पलीकडचे बोलणे खोलीतल्या सर्वांना ऐकू जाते. हे मला माहीत होते. साध्या फोनने बोलणे कमी आणि मुद्द्याचे होते, असे मी व्याख्यानात सांगत असे.

दिवाळीला तनुजा मेडशीला आली तेव्हा ती मला म्हणाली, “बाबा, माहा फोन मले परत द्या न. त्यायच्यापाशी हाय, मंग मले काहून नाही?” मी म्हणालो, नियम दोघांनीही मोडला तर लोकांना उदाहरण कोणाचे द्यायचे? ती म्हणाली, “मंग मी उदाहरणच हावो का तुमचं?” कस्तुराबाई मला म्हणाली, “पोरगी काहीतरी सांगून राह्यली, बसून आयका तं खरं.” मला आसेगावच्या व्याख्यानासाठी एस.टी. गाठायची होती. मी निघालो.

दिनांक ०१/०२/२०२५ रोजी मी रिसोडला जाताना न कळवता रिठद येथे उतरलो. दुपारी चारच्या सुमारास इरतकर यांच्या घराजवळ गेलो असता आतून माझे भाषण ऐकू आले. लग्नातलेच होते. आवाज बराच मोठा होता व दार आतून बंद होते. शेजारीण अंजू या ओट्यावर तूर पाखडत होत्या. त्या मला म्हणाल्या, “या सर. आठोड्यातून दोन-तीनदा लावते तुमचं भाषण. म्या म्हणलं, लेकीले बापाची आठोन येत असन. आमाले तं पाठ झालं आता.” त्या हसल्या. मीही हसलो.

भाषण पूर्ण होऊ द्यावे, असे मला वाटले. मी दारात उभा राहून ऐकले. आतून दुसरा आवाज आला का, असे विचारल्यावरून सांगतो की काहीतरी पडल्यासारखा आवाज दोनदा आला. मी तिकडे लक्ष दिले नाही.

भाषण संपल्यावर मी कडी वाजवली. दुर्गाबाई यांनी दार उघडले. तनुजा चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. तिने दोन्ही हात डोक्यावर धरले होते, उजव्या कानामागून रक्त येत होते. स्वप्निल यांच्या हातात फोन होता. दुसऱ्या हातात पाण्याच्या पाइपचा तुकडा होता. मी काय चालले आहे विचारले. दुर्गाबाई म्हणाल्या, “काही नाही सर, तुमचंच तं भाषण हाय. सुनबाईले समजावाले लावतो आमी.” स्वप्निल म्हणाले, “तुमीच भर मांडवात सांगतलं न, सर, हिले फोन नाही पायजे म्हणून. आता हे रोज फोन मांगते तं आमी काय कराव? आमी कुठी हिसकून घेतला?”

मी अंजू यांच्या मदतीने तनुजाला ऑटोने दवाखान्यात नेले. डाव्या मनगटाचे हाड मोडले आहे. पाठीवर जुने वळ आहेत, त्यांतील काही बरेच जुने असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. मारताना शेजारी आवाज जाऊ नये म्हणून जून महिन्यापासून भाषण लावले जात होते, असे तनुजाने तिच्या आईला सांगितले आहे. मला सांगितलेले नाही.

मारहाणीचे फोटो, संदेश किंवा रेकॉर्डिंग आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की नाही. तिच्याजवळच्या मोबाइलमध्ये ती सोय नाही. सदर मोबाइल मी स्वतः निवडून आणला होता.

चित्रफीत किती वेळाची आहे, असे विचारल्यावरून सांगतो की भाषण एकोणीस मिनिटांचे आहे. मध्ये चार वेळा टाळ्या आहेत. मी दारात पोहोचलो तेव्हा दुसऱ्या टाळ्या चालू होत्या. त्यावरून मी तेथे सुमारे नऊ मिनिटे उभा होतो.

तनुजा हिचा जबाब वेगळा घ्यावा व त्या वेळी मी खोलीत नसावे, असे तिचे म्हणणे आहे. मी कारण विचारले. ती म्हणाली, “बाबा, तुमचा आवाज आला का माह्ये हात आपोआप डोक्यावर जातेत.” माझी हरकत नाही.

तरी स्वप्निल गोपाल इरतकर व दुर्गाबाई गोपाल इरतकर यांच्याविरुद्ध माझी कायदेशीर तक्रार आहे.

मुलगी बाहेरच्या बाकावर बसलेली असल्याने हा जबाब मोठ्याने वाचून दाखवू नये, अशी मी विनंती केली. मी तो स्वतः मनातल्या मनात वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून बरोबर आहे.

जबाब देणार,
सही/-
पुंजाजी सखाराम उगले