खिशातला डिझेलचा पाइप

चिखलीहून उंद्रीला निघालेल्या एसटीत हैदर मिस्त्री पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पुढच्या सीटवर शेषराव आणि त्यांचे शेजारी.

"शेषराव, तुमचा तो जुना छोटा ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला म्हनते."

"तो कायचा बंद पडते? डिझेलचा पाइप काढून खिशात ठेवला म्या."

"काऊन?"

"जावई मागून राह्यला न. जावयाले नाही म्हनता येते काय? मांगच्या साली रोटावेटर नेला, सारी पाती वाकडी करून आनली. वरून मलेच म्हने, मामाजी, तुमचं रोटावेटर लय जुनं झालं."

"मंग आता?"

"आता ट्रॅक्टर बिघडेल हाये. बिघडेल वस्तू कोनी मागत नाही."

उंद्री आली. शेषराव उतरले, त्यांच्यामागून हैदरही उतरला.

"मिस्त्री, आज कोनाकडे?"

"तुमच्याचकडे. जावयानं धाडलं. म्हने, मामाजीचा ट्रॅक्टर आजच चालू करून द्या."

शेषरावांचा हात खिशावर गेला.

"राहू द्या तो तिथंच," हैदर म्हणाला. "फक्त जावयाले बिघाड कोनता सांगू? लहान का मोठा?"

"पेरनी होयेपर्यंत पुरन, असा."