हबीबचा सोनचाफा

"दिवस बुडायच्या आत पाणी पिऊन घेत जाय, मंग सकाळलोक थेंब नाही," ही सासूची शिकवण भंवरीबाई तीस वर्षं पाळत होत्या. आज बाळंतिणींच्या दवाखान्याला मदत जमवण्यासाठी त्यांनी वाशीमचा आपला बगीचा लोकांना खुला केला होता. दिवस कलला तसं नव्या माळ्यानं फाटक लावलं. बाहेर राहिलेल्या दोघींचं बोलणं ओट्यावर बसलेल्या भंवरीबाईंना ऐकू येत होतं.

"चला हाजराखाला, फाटक लागलं."

"थांब वं नसीम. अनसिंगवरून पायी आली मी."

"फुलं पाहाले?"

"हबीबनं लावलेला सोनचाफा पाहाले. वीस वर्षं इथं माळीकाम केलं, पन एक फूल घरी आनलं नाही."

"काहून?"

"बाई तोडू देत नाही. गळलेलं उचलाचं, तेही मंदिरात जाय."

"अन् तू गप बसली?"

"रोज भांडो नवऱ्यासंगं! मराच्या आधी म्हने, बाईनं जबान देल्ली हाय, हाजराले सोता चाफा दाखवीन म्हून."

"दोन वर्षं झाले. इसरली असन."

"असन. मोठ्या घरी कामं काय कमी असतेत?"

ओट्यावर सून पाण्याचा गडवा घेऊन आली. "आई, प्या लवकर. उपासाचं सकाळपासून घोटभरही घेतलं नाही तुमी. दिवस बुडूनच राह्यला!"

"राहू दे, प्रेमा."

"आता कुठं चालल्या?"

भंवरीबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला आणि त्या अनवाणीच फाटकाकडे निघाल्या.