पालथी वाटी

धुरपताबाई : रुख्मीची वाटी पालथी कोनं घातली व, वच्छले?

वच्छला : मीच घातली, आत्या. चार दिस झाले, माह्या पोट्टीनं पेजेचा घोट गिळला नाई. रिकामी वाटी पाहून जीव घाबरते माह्या.

धुरपताबाई : अन् पालथी पाहून माह्या काय नाचते? पोट्टी जित्ती हाय. कर सरळ.

वच्छला : बकारामभाऊच्या पोराचंही असंच झालतं. अंगभर देवीचे फोड, मंग खानंच सुटलं. काल गाडून आले त्याले.

धुरपताबाई : दुसऱ्याचं मरन आपल्या चुलीपाशी आनू नको. माह्या पोराले, चैतरामले सांगतलं मी, आमगावहून वैद्य आन, अन् येता येता मंडईच्या जत्रेसाठी लाल फीत आन.

वच्छला : मंडई? ते तं दिवाळी सरल्यावर! आता चैत चालू हाय, आत्या.

धुरपताबाई : मंग? पाहील वाट पोट्टी. वाट पाहाले काईतरी लागते मानसाले.

वच्छला : एक सांगू? मारसान तं मारा.

धुरपताबाई : तुले मारून माह्येच हात दुखतीन. बोल.

वच्छला : आता लाखोरीच्या दाळीले फोडणी देल्ली मी. जवसाच्या तेलात, लसून घालून. देवी निघालेल्या घरात तेल चर्र वाजू द्याचं नाई, मले का ठाऊक नोहोतं? हात आपसूकच गेला. तव्हापासून भेवून राहिली. माता कोपली तं?... बोला ना वो. शिव्या द्या.

धुरपताबाई : हिवाळ्यात देवीचा टोचणारा आलता.

वच्छला : मी माहेरी होती. तुमी म्हनलं, तो इकडं फिरकलाच नाई.

धुरपताबाई : दारात उभा होता. मी पोट्टीले धानाच्या ढोलीमागं दडवलं, तोंड दाबून. धुरपताच्या नातीले कोनी ऐरागैरा सुई टोचते का! शेजारच्या खुशालच्या पोट्टीले टोचलं, ते पाहा आंगनात खेळून राहिली. तुह्या फोडणीनं काई नाई झालं, बाई. भेवाचं असन तं मी भेवाचं. अन् भेवून राहिली.

वच्छला : आत्या!... अन् तरी रोज वाटी सरळ मांडता?

धुरपताबाई : पालथी दिसली का माह्ये हातपाय चालत नाई. ते नाई चालले तं तिच्या तोंडात पानी कोन टाकील? रडाचं असन तं गोठ्यात जा. मी सकाळीच जाऊन आली.

(आतल्या खोलीतून बारीक आवाज.)

रुख्मी : आजी...

धुरपताबाई : हाव व माय, काय?

रुख्मी : लसनाचा वास येऊन राहिला. मले पायजे.

वच्छला : फोडणीची दाळ? देवी अंगात असतानी?

धुरपताबाई : मातेच्या पाया मी पडीन, तू दाळ वाढ. वरचं तेल निथळून घे, पेजेत कालव थोडीशी.

वच्छला : वाढली, आत्या. दोन घोट घेऊन पुन्हा सोडलं तं?

धुरपताबाई : तं वाटी धुवाची, अन् पुन्हा सरळ ठेवाची. आन इकडं. फुंकर घाल, गरम असन.